नाहीतर कुणाचं?

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, कारण फोनवर आपण चौथ्या वाक्याला एकमेकांवर खेकसतो आणि पाचव्याला फोन ठेवतो. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्या लिफ्टच्या कंपनीतली नोटीस भाऊजींकडून कळली. एप्रिलअखेर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची परीक्षा. जो पास होईल तो कंट्रोलरचे प्रोग्राम लिहिणाऱ्या टेबलावर राहील, नाहीतर तक्रार विभागात हेडफोन लावून ‘आपली अडचण सांगा’ म्हणत बसेल. आणि तू म्हणे घरभर आदळआपट करतेयस. अगं, आयुष्यभर सी मध्ये लिफ्टची डोकी लिहिणाऱ्या बाईला पायथन म्हणजे हातचा मळ आहे!

एक सौदा करू. संध्याकाळच्या वर्गासाठी मी एक पुस्तिका लिहितोय. अगदी नवशिक्यांसाठी. सी आणि पायथन शेजारी शेजारी ठेवून, फक्त ‘जर’ आणि ‘नाहीतर’ एवढ्यावरच, म्हणजे इफ आणि एल्स. पायथन मी तुला शिकवतो, त्यातली सीची बाजू तू तपास. सोबत पहिली चार पानं आहेत. उदाहरण मुद्दाम तुझ्या धंद्यातलं घेतलंय, लिफ्टच्या दाराचं.

पहिला धडा इथेच देतो. सी मध्ये अट गोल कंसात आणि काम महिरपी कंसात. पायथनमध्ये अटीला कंस लागत नाही, शेवटी दोन टिंबं द्यायची, आणि काम खालच्या ओळीवर थोडं आत सरकवून लिहायचं. जेवढं आत, तेवढं त्या ‘जर’चं. संपलं! पोरं पहिल्याच दिवशी शिकतात.

— बारक्या


१५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं अक्षर आहे की शाईत पाय बुडवून मुंग्या सोडल्यास? दोन दिवस गेले माझे त्या पत्रात. ती चार पानं तर मी बाजूलाच ठेवली. यापुढे टाइप करून ईमेलने पाठव. मीही टाइपच करणार. वाद नकोय.

आता तुझ्या धड्याबद्दल. ‘थोडं आत सरकवायचं’ म्हणजे काय? हे काय नियम आहेत? सी मध्ये महिरपी कंस उघडला, काम सांगितलं, कंस बंद केला. कुठे सुरू, कुठे संपलं, काही शंका नाही. तुझ्या पायथनमध्ये संपल्याची खूणच नाही! पुढची ओळ परत मागे आली की समजून घ्यायचं म्हणे. मोकळ्या जागेवर कोण विश्वास ठेवतं? मोकळी जागा म्हणजे काहीच नसणं. आणि या काहीच नसण्यावर मी माणसांनी भरलेली लिफ्ट चालवू?

मला डोक्याला ताप झालाय या भाषेचा. शेजारच्या टेबलावरची पोरगी, ती जाड भिंगांची, तिला आम्ही चष्मा म्हणतो, ती कालच आली कामाला आणि तिचं पायथन गाण्यासारखं चालतं. साहेब तिच्याशी हसून बोलतात आणि मग माझ्या टेबलाशी येऊन किती वाजले ते ऐकवतात. माझी खुर्ची खिडकीशेजारची आहे. ती मी हेडफोनवाल्यांत नेऊन टाकणार नाही, एवढं लक्षात ठेव.

— ताई


२० फेब्रुवारी

ताई,

माझ्या अक्षरावर आई जीव टाकायची, पण असो. घे, टाइप केलं. तुझंही टाइप केलेलं पत्र मिळालं, वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटलं.

ईमेलसोबत तू पाठवलेली सरावाची उत्तरं बघितली. अगं, प्रत्येक ‘जर’खाली तू ‘इथे संपलं’ अशी टीप का लिहितेस? सगळा प्रोग्राम ‘इथे संपलं, इथे संपलं’ने भरलाय. पायथन या टिपा वाचतसुद्धा नाही. कंसांची सवय सोड!

आणि पायथनचे फायदेही बघ की. सी मध्ये ‘जर क बरोबर पाच’ विचारताना बरोबरचं चिन्ह दोनदा द्यायच्या ऐवजी चुकून एकदाच दिलं, तर सी विचारत नाही, सरळ क मध्ये पाच टाकून मोकळी होते आणि अट खरी धरून पुढे जाते. पायथन तिथल्या तिथे हात धरतो. तुमचं सी मधलं ते स्विच घे. एका खाली एक पर्याय लिहायचे, आणि एकाच्या शेवटी ब्रेक लिहायचा राहिला की गाडी थांबतच नाही, खालच्या पर्यायाचं कामही करत सुटते. पायथनमध्ये इफ, मग एलिफ, म्हणजे ‘नाहीतर जर’, मग आणखी एलिफ, शेवटी एल्स. एक लागू झालं की बाकीचे गप्प.

पुस्तिकेच्या पानाचा फोटो जोडलाय. कुठली ओळ किती आत आहे ते तुला कळावं म्हणून रंगीत रेघा मारल्यात. दाराचं उदाहरण दोन्ही भाषांत आहे. एक नजर टाक आणि सी बरोबर आहे एवढं कळव. वर्गात मी ते शिकवायला सुरुवातही केली आहे.

— बारक्या


२ मार्च

बारक्या,

फोटो काय पाठवतोस? प्रोग्राम ही काय भिंतीवर लावायची चीज आहे? टाइप केलेलं पाठव म्हटलं तर टाइप केलेलं पाठवायचं! रंगीत रेघा तुझ्या तुला लखलाभ. मी तपासलेलं नाही आणि तपासणारही नाही.

काल सरावाची चाचणी होती. माझा प्रोग्राम पहिल्या धक्क्यालाच अडकला. म्हणे आत सरकवण्यात गडबड आहे, सातव्या ओळीत. सातवी ओळ मी तीनदा मागे-पुढे केली. चौथ्यांदा तो चालला, पण घंटा वाजवण्याची ओळ चुकून ‘जर’च्या बाहेर पडली होती, त्यामुळे लिफ्टमध्ये ओझं जास्त असो वा नसो, घंटा आपली वाजतेच आहे. सगळी खोली हसली. चष्मासुद्धा हसली, मग ‘सॉरी’ म्हणाली. साहेब म्हणाले, “बाई, समोर तर दिसतंय!”

ब्रेकचं मला शिकवू नकोस. ब्रेक विसरला तर काय होतं हे मला माहीत आहे म्हणूनच मी तो विसरत नाही. सी वर खापर फोडू नकोस, ती निदान बोलते तरी. तुझा पायथन तोंडात गुळणी धरून बसतो आणि आपणच ओळखायचं.

— ताई


९ मार्च

ताई,

हात टेकले तुझ्यापुढे! महिनाभर मी एकच गोष्ट सांगतोय. फोटो काढून पाठवला, रंग भरून पाठवला, आणि तू तो बघितलासुद्धा नाहीस. तुला शिकायचंच नाहीये. ‘आमची सी, आमची सी’ करत तुला त्या खिडकीशेजारी म्हातारं व्हायचंय आणि खुर्ची गेली की माझ्या नावाने खडे फोडायचेत. साहेब चुकीचं काय बोलले? ती ओळ बाहेर आलीय हे समोर दिसतं. आंधळ्यालासुद्धा दिसेल!

शिकायचं असेल तर लिही, नाहीतर आपण फोनवरच भांडू.

— बारक्या


१ एप्रिल

बारक्या,

आंधळ्याला नाही दिसत.

तीन आठवडे हे एकच वाक्य लिहीत होते आणि पुसत होते. आता लिहिलं, तर सगळंच ऐक. गेल्या वर्षापासून मी जिथे बघते नेमका तिथेच राखाडी डाग असतो. कडेचं दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते, समोरच्याचे कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टर म्हणतात पूर्ण अंधार होणार नाही, पण वाचनाचं विसरा. तुझं ते पहिलं पत्र मी भिंगाखाली धरून एकेक अक्षर करत वाचलं, म्हणून दोन दिवस लागले. मुंग्या तुझ्या नव्हत्या, माझ्या होत्या.

ऑफिसात एका कानात इयरफोनचं बोंडूक असतं. लोकांना वाटतं बाई गाणी ऐकतात. कॉम्प्युटर मला स्क्रीन वाचून दाखवतो. सी मी अशीच लिहिते. तो सांगतो, “महिरपी कंस सुरू,” मी मनात एक पायरी उतरते. “महिरपी कंस बंद,” की वर येते. कुठलं काम कुठल्या ‘जर’चं, सगळं ऐकू येतं. पायथन वाचताना तो नुसते शब्द वाचतो. मोकळी जागा तो वाचत नाही, ती मुकी आहे. म्हणून मी ‘इथे संपलं’ लिहीत होते, आणि तू हसलास. फोटो तर त्याच्यासाठी कोरी भिंत आहे. तो एवढंच म्हणाला, “चित्र.”

कुणालाही सांगायचं नाही. तुझ्या भाऊजींनाही मी ‘थोडं धूसर दिसतं’ एवढंच सांगितलंय. साहेबांना कळलं की ते मला परीक्षेलाही बसू देणार नाहीत. मला नापास व्हायची भीती नाही. मला न विचारता बाजूला ठेवतील याची चीड आहे. आणि तुझा मला इतका राग आलाय की जेवताना काय खातेय तेही कळत नाही.

— ताई


६ एप्रिल

ताई,

माझी जीभ झडो. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं, पण माहीत नव्हतं म्हणून ते कमी घाणेरडं होत नाही.

पण मलाही राग आलाय, तोही ऐक. वर्षभर! एक वर्ष तू हे पोटात घेऊन फिरतेस आणि सख्ख्या भावाला सांगत नाहीस? मी काय वैरी आहे? एकटीने रस्ते ओलांडतेस, जिने उतरतेस, आणि आम्ही इकडे रंगीत रेघा मारतोय!

हे बघ, तू म्हणालीस कुणाला सांगू नको, पण मला राहवलं नाही. तुझ्या साहेबांना मी काल लिहिलं. अगदी नीट, आदराने. बहिणीच्या दृष्टीची अडचण आहे, इतक्या वर्षांची तिची सेवा बघून तिला परीक्षेतून सूट द्यावी आणि आहे तिथेच राहू द्यावं, असं. त्यांचं लगेच उत्तर आलं, फार सहृदय माणूस आहे. ‘काळजी करू नका, बाईंची सोय बघतो’ म्हणाले. आता तू निवांत राहा.

— बारक्या


१४ एप्रिल

बारक्या,

सोय बघितली त्यांनी.

सोमवारी सगळ्या खोलीसमोर साहेब आले, माझा दंड धरला आणि मला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. दंड धरून! त्याच जिन्याने, ज्या जिन्याने मी रोज डबा आणि छत्री सांभाळत धावत चढते. तक्रार विभागात नवीन खुर्ची, नवीन हेडफोन, टेबलावर पाण्याचा ग्लास. “आता डोळ्यांना त्रास नको, नुसतं ऐकायचं.” मागून कुणीतरी हळू टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हणाले, मास्तर. या तोंडाने मी थँक्यू म्हणाले, कारण रडले असते तर त्यांना तेही सहृदय वाटलं असतं.

नोटिशीत काय लिहिलं होतं? पास झालात तर टेबल, नाहीतर तक्रार विभाग. मी परीक्षा दिलेली नाही. अट तपासलीच नाही आणि सरळ ‘नाहीतर’ चालवलं! हे जगातल्या कुठल्या भाषेत चालतं? माझ्या सीत? तुझ्या पायथनमध्ये? शिकव की पोरांना, अट न बघता निकाल कसा लावायचा ते!

आणि तू. मी तुला एक गोष्ट सांगितली आणि तिथे थांब म्हटलं. तू ब्रेक लावला नाहीस. कळवळा आला, त्याच्या खालोखाल पत्र, त्याच्या खालोखाल साहेब, त्याच्या खालोखाल दंड. सगळं खाली धडधडत गेलं. फुटक्या डोळ्यांनी माझी खुर्ची घेतली नव्हती. ती तू घेतलीस.

मला लिहू नकोस.

— ताई


१९ एप्रिल

ताई,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितोय. हवं तर तुझ्या कॉम्प्युटरला सांग, वाचू नको.

माफी मागून उपयोग नाही. तू बरोबर आहेस आणि मी नालायक आहे, एवढं झालं की पुढे.

परवा मी माझी स्क्रीन बंद करून बसलो. बोलणारा कॉम्प्युटर लावला आणि माझ्याच पुस्तिकेतलं पायथनचं पान ऐकलं. दुसऱ्या ओळीला हरवलो. पाचव्या ओळीला टेबलावर मूठ मारली. चार पानं लिहिणारा मी, मला माझाच ‘नाहीतर’ कुठे चिकटलाय ते कळेना. मग रागारागाने त्या वाचणाऱ्याच्या सगळ्या सोयी एकेक उघडून बघितल्या. आणि ताई, एक सोय आहे! ओळ किती आत आहे ते तो सुराने सांगतो. समासाला असेल तर खालचा सूर, एक पायरी आत गेली की वरचा, दोन पायऱ्या आत की आणखी वरचा. ओळ वाचायच्या आधी बारीक ‘टिंग’. ती आधीपासून बंद करून ठेवलेली असते. कशी चालू करायची ते वेगळं लिहून सोबत जोडलंय. आपल्यापैकी कुणीच ती शोधली नाही याचा मला संताप आलाय, सगळ्यात जास्त माझा.

साहेबांसाठी एक मसुदा जोडलाय: ‘मागचं पत्र मी बहिणीला न विचारता लिहिलं. ते तिचं म्हणणं नव्हतं. त्यावरून काहीही ठरवू नये.’ पाठवलेलं नाही. तू म्हणालीस तर पाठवेन, नाही म्हणालीस तर फाडेन.

आणि पुस्तिकेची पानं, शेवटी एकदाची, टाइप करून. फोटो नाही. पाहिजे तर तपास, नको तर राहू दे. वर्गाने ती पाठ केली आहे आणि छापखान्यात पुढच्या आठवड्यात द्यायची आहे.

— बारक्या


३ मे

बारक्या,

मसुदा फाड. माझ्या वतीने आता कुणी पत्र लिहायचं नाही, माफीचंसुद्धा.

साहेबांकडे मीच गेले. दाराशी उभी राहून म्हटलं, “नोटिशीत ‘सर्वांनी परीक्षा द्यावी’ असं आहे. मी सर्वांत येते की नाही, तेवढं लिहून द्या.” ते म्हणाले, “बाई, तुमच्या सोयीसाठीच…” मी म्हटलं, “लिहून द्या.” बराच वेळ खुर्ची करकरत राहिली. मग म्हणाले, बसा परीक्षेला, पण नंतर मन खट्टू करून घेऊ नका. मला काय पोर समजतात का!

परीक्षेला मी कानातलं बोंडूक उघड उघड लावलं. पहिली दहा मिनिटं त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा ऐकल्या. मग सूर लागला. खालची टिंग, वरची टिंग, त्याच्याही वरची, परत खाली. अरे, तो मुका नाहीच! इतके दिवस बोलत होता मेला, आपण त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. एलिफच्या एका लांब शेपटीत मी गडबडले, तिथे मार्क गेले. चष्मापेक्षा पुष्कळ कमी आहेत. पण पास आहे. कागदावर पास आहे.

तरी साहेब म्हणतात, “जागेचं बघू.” आज सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेलेच नाही. सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसले. कुणीतरी तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला होता, तो जमिनीवर ठेवला. साहेब आले, बाजूला उभे राहिले. मला त्यांचा नुसता कान दिसत होता, लाल झालेला. मी म्हटलं, “अट पूर्ण झाली आहे. आता तुमचा ‘नाहीतर’ मला लागू नाही. उठवायचं असेल तर नवीन अट लिहा, सही करा आणि सगळ्यांसमोर वाचा.” ते गेले. उद्या येतील. उद्याही मी इथेच असेन.

आता तुझी पुस्तिका. ऐकली. पायथनचं पान बरोबर आहे. लिफ्ट मजल्यावर असेल तर, आणि आत बटण दाबलं असेल तर, दार उघड. नाहीतर, म्हणजे लिफ्ट मजल्यावर नसेल तर, दार लॉक कर. ‘नाहीतर’चा सूर पहिल्या ‘जर’च्या सुराला जुळतो. छान.

मग तेच तू सी मध्ये उतरवलंस. ओळीला ओळ, जागेला जागा, आणि एकही महिरपी कंस न घालता! चालवून बघितलंस का? नसशीलच. कागदावर तुझा ‘नाहीतर’ पहिल्या ‘जर’च्या बरोबर खाली उभा आहे, म्हणून तू समाधानाने झोपलास. अरे गाढवा, सी मध्ये कंस नसले की ‘नाहीतर’ जवळच्या ‘जर’ला चिकटतो. तुझ्या वर्गाने पाठ केलेला प्रोग्राम काय करतो सांगू? लिफ्ट मजल्यावर उभी आहे आणि कुणी बटण दाबलं नाही, तर दार लॉक करतो. आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना? काहीच करत नाही. दार लॉकच होत नाही. बाहेर कुणीतरी दाराला टेकून उभं असेल, त्याचा विचार कर.

हेच पान तू मला रंगीत रेघा मारून पाठवलं होतंस. समोर दिसत होतं ना तुला? दिसत होतं, म्हणूनच फसलास. सी ला तुझा समास दिसत नाही, मास्तर. ती माझ्यासारखी आहे. कंस हाताला लागले तरच तिला कळतं, कुठे काय संपलं.

छापखाना थांबव. वर्गात उभा राहून पोरांना सांग की चूक तुझी होती आणि ती कुणी काढली. राग गेलेला नाही माझा, सावकाश जाईल. पण आधी जाऊन ते पान उघड आणि कंस घाल.

— ताई